गळ्यातला प्रोजेक्टर आणि बोटांच्या खुणा

या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढायांबद्दल बोलतो. आज एका यंत्राचा इतिहास घेतला आहे. अंगावर घालायचं, हातवाऱ्यांनी चालवायचं आणि समोर येईल त्या भिंतीवर, कागदावर, तळहातावर चित्र पाडणारं यंत्र. इंदूरच्या एका श्रोत्यांनी विचारलं होतं, "साहेब, तो गळ्यात प्रोजेक्टर अडकवलेला मुलगा आठवतो? त्या यंत्राचं पुढे काय झालं?" प्रश्न एका ओळीचा आहे, पण उत्तरासाठी साठेक वर्षं मागे जावं लागतं. म्हणून आजचा अख्खा भाग त्यालाच दिला आहे.

आधी तो प्रसंग आठवून घेऊ. नोव्हेंबर २००९. म्हैसूरला इन्फोसिसच्या आवारात टेड इंडिया ही परिषद भरली होती. व्यासपीठावर अठ्ठावीस वर्षांचा एक तरुण आला, प्रणव मिस्त्री. मूळ गुजरातमधल्या पालनपूरचा. अहमदाबादच्या निरमा संस्थेत संगणक अभियांत्रिकी आणि मग आपल्या पवईच्या आयआयटीत, औद्योगिक अभिकल्प केंद्रात, डिझाइनचं पदव्युत्तर शिक्षण. तिथून तो अमेरिकेत एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये पॅटी मेस या प्राध्यापकांच्या गटात गेला. मेस बाईंनी त्याच वर्षी फेब्रुवारीत कॅलिफोर्नियात हे यंत्र जगाला दाखवलं होतं. म्हैसूरला त्यानं ते स्वतः, आपल्या माणसांसमोर मांडलं. नाव होतं सिक्स्थसेन्स, म्हणजे सहावं इंद्रिय.

त्यात होतं काय? एक छोटा कॅमेरा, खिशात मावेल असा प्रोजेक्टर आणि एक आरसा. हे सगळं लॉकेटसारखं गळ्यात. खिशात एक मोबाइल संगणक. आणि अंगठा व तर्जनीला लाल, पिवळ्या, हिरव्या, निळ्या रंगाच्या टोप्या. बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांचा खर्च सुमारे ३५० डॉलर. त्या वेळच्या भावानं सोळा-सतरा हजार रुपये.

एवढ्या सामानात त्यानं जे दाखवलं ते पाहून लोक थक्क झाले. दोन्ही हातांच्या बोटांची चौकट केली की फोटो निघायचा. मनगटावर बोटानं गोल काढला की तिथं घड्याळ उमटायचं. तळहातावर आकडे पडायचे, ते दाबून फोन लावायचा. वर्तमानपत्रातल्या बातमीवर चलच्चित्र सुरू व्हायचं. विमानाच्या बोर्डिंग पासवर उड्डाणाला उशीर आहे का ते दिसायचं. समोर उभ्या माणसाच्या शर्टावर त्याच्याविषयीचे शब्द उमटायचे. ती चित्रफीत लाखो लोकांनी पाहिली. आपल्याकडे ती घराघरात, महाविद्यालयांत, ईमेलमधून फिरली. पुढची दोन-तीन वर्षं सगळ्यांना वाटत होतं की आता मोबाइलचा पडदा जाणार.

मोबाइलचा पडदा गेला नाही. तुम्ही हा भाग त्याच पडद्यावर पाहताय किंवा वाचताय. आणि सिक्स्थसेन्स कधीच दुकानात आलं नाही.

आता दोन प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणतात, परदेशी कंपन्यांनी ते दाबून टाकलं. दुसरे म्हणतात, तो सगळा देखावाच होता. माझ्या मते दोन्ही बरोबर नाहीत. यंत्र खरं होतं आणि चालत होतं. ते का अडलं, हे समजायला त्याचे पूर्वज पाहावे लागतात.

जुगाराच्या टेबलापासून सुरुवात

अंगावर घालायच्या पहिल्या संगणकाचा जन्म प्रयोगशाळेपेक्षा जुगाराच्या अड्ड्याशी जास्त जोडलेला आहे. एडवर्ड थॉर्प हे गणितज्ञ आणि माहितीशास्त्राचे जनक क्लॉड शॅनन यांनी १९६०-६१ मध्ये सिगारेटच्या पाकिटाएवढा एक संगणक बनवला. त्यात बारा ट्रान्झिस्टर होते. रूलेटच्या चाकाजवळ उभा असलेला माणूस बुटातल्या कळी पायाच्या अंगठ्यानं दाबून चाकाचा आणि गोटीचा वेग मोजायचा. संगणक हिशोब करायचा आणि पैसे लावणाऱ्याच्या कानात सूर ऐकू यायचे, त्यावरून गोटी कुठल्या भागात पडेल ते कळायचं. १९६१च्या उन्हाळ्यात लास व्हेगासला त्यांनी ते वापरून पाहिलं. हिशोब बरोबर निघत होता. पण कानापर्यंत जाणारी केसासारखी बारीक तार वारंवार तुटायची. गणित जिंकत होतं आणि तार हरत होती. ही तार लक्षात ठेवा, आपल्या आजच्या गोष्टीत ती वेगवेगळ्या रूपांत पुन्हा येणार आहे.

दुसरं वर्ष १९६८. हार्वर्डमधले आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर घालायचा पडदा तयार केला. डोळ्यांसमोर दोन छोट्या काचा, त्यात तारांच्या रेषांनी काढलेली त्रिमितीय चित्रं, आणि त्या काचांतून पलीकडची खरी खोलीही दिसायची. डोकं वळवलं की चित्रही त्याप्रमाणे बदलायचं. डोक्याची दिशा मोजायला छतापासून एक धातूचा दांडा खाली आणला होता. डोक्यावर टांगत्या तलवारीच्या ग्रीक कथेवरून त्याला डॅमोक्लीजची तलवार असं नाव पडलं. या कल्पनेच्या मागे हेलिकॉप्टरवाले होते. बेल हेलिकॉप्टर कंपनीत रात्री उतरताना वैमानिकाला जमीन दिसावी म्हणून असा प्रयोग चालू होता की खाली बसवलेला कॅमेरा वैमानिकाच्या डोक्याबरोबर वळेल.

सदरलँडनी आपला प्रबंध डिसेंबर १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्या परिषदेत मांडला, त्याच परिषदेत ९ डिसेंबरला डग्लस एंगलबार्ट यांनी नव्वद मिनिटांचं एक प्रात्यक्षिक दिलं. एंगलबार्ट दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलात रडार तंत्रज्ञ होते. त्यांनी त्या दिवशी लोकांना माउस दाखवला. एकाच परिषदेत दोन वाटा. एक डोक्यावर घालायची, एक टेबलावर ठेवायची. पुढची चाळीस वर्षं टेबलावरची वाट जिंकली. कारण सोपं आहे. माउस धरताना कोपर टेबलावर टेकतं.

"ते तिथे ठेव"

१९८० मध्ये एमआयटीतच रिचर्ड बोल्ट यांनी एक खोली सजवली. एका अख्ख्या भिंतीचा पडदा, समोर खुर्ची, खुर्चीतल्या माणसाच्या मनगटावर एक चुंबकीय संवेदक. तो माणूस पडद्याकडे बोट दाखवून म्हणायचा, "ते तिथे ठेव," आणि पडद्यावरची आकृती उचलून दुसरीकडे ठेवली जायची. प्रयोगाचं नावच तेवढं होतं: पुट-दॅट-देअर. ते मनगटावरचं साधन पोलहेमस कंपनीचं होतं. तेच तंत्र लढाऊ वैमानिकाचं हेल्मेट कुठल्या दिशेला वळलंय हे ओळखायला वापरलं जायचं. पैसा अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेचा होता.

या प्रयोगात एक शहाणपण होतं. बोट फक्त जागा दाखवत होतं आणि काय करायचं ते तोंड सांगत होतं. एकट्या हातावर सगळा भार टाकला नव्हता. पुढच्यांनी हे शहाणपण बरंचसं सोडून दिलं.

मग हातमोजे आले. टॉमस झिमरमन यांना गिटार नसताना हवेत गिटार वाजवायची होती. त्यांनी बोट किती वाकलं हे ओळखणारा मोजा बनवला. जॅरन लॅनिअर यांच्या व्हीपीएल कंपनीनं तो डेटाग्लोव्ह म्हणून विकला. त्यावरूनच १९८९ मध्ये मॅटेल कंपनीनं निन्टेन्डोच्या खेळांसाठी पॉवर ग्लोव्ह काढला, किंमत साधारण ७५ डॉलर. मुलांनी हौसेनं घेतला, पण त्यातून खेळ नीट खेळता येईना. वर्षभरात बंद.

१९९०च्या दशकात स्टीव्ह मान हे कॅनडाचे संशोधक अंगावर कॅमेरा आणि संगणक घालूनच वावरत. तेही मीडिया लॅबमध्येच शिकले. गळ्यात कॅमेरा आणि प्रोजेक्टर अडकवण्याचा प्रयोग त्यांनी दशकाच्या शेवटी केलेला आहे. म्हणजे म्हैसूरला जे दिसलं त्याला वंशावळ होती. मिस्त्रींचं श्रेय यानं कमी होत नाही. बाजारातल्या स्वस्त भागांतून, सामान्य माणसाला पाहताक्षणी कळेल अशा रूपात त्यांनी ते आणलं. म्हैसूरच्या भाषणात त्यांनी सांगितलं होतं की सुरुवात जुन्या माउसपासून झाली. चेंडूवाल्या माउसच्या पोटात दोन छोटे रूळ असतात. दोन माउस फोडले की चार रूळ. त्यांना दोऱ्या आणि चाकं जोडून हाताची हालचाल मोजायची. हे वाचून ज्यांना लहानपणी फोडलेला रेडिओ आठवेल, ते त्याच जातीचे.

खूण म्हणजे करार

आता थोडं माझ्या जुन्या पेशाबद्दल, कारण हाताच्या खुणांशी माझा संबंध तिथला आहे. पायदळात गस्तीवर असताना आवाज करायचा नाही, मग हुकूम हातानं जातो. थांबा, खाली बसा, पांगा, उजवीकडे वळा, शत्रू दिसला. अंधारात तर हातही दिसत नाही, तेव्हा खांद्यावरचा स्पर्श पुढून मागे पोचतो.

माझ्या पहिल्या पलटणीत एक सुभेदार साहेब होते. नव्या जवानांना ते खुणा शिकवत, तेव्हा आधी दोन दिवस फक्त एक गोष्ट घोटून घेत: खूण द्यायची नसेल तेव्हा हात कुठे ठेवायचा. नाक खाजवायचं नाही, घाम पुसायचा नाही, टोपी नीट करायची नाही. कारण मागच्या माणसाला प्रत्येक हालचाल हुकूम वाटू शकते. आणि दुसरी गोष्ट, प्रत्येक खूण मागच्याने परत करून दाखवायची. ती परत आली नाही तर ती पोचली नाही असंच धरायचं.

यंत्राला हातवारे शिकवणाऱ्यांपुढे नेमका हाच पेच साठ वर्षं उभा आहे. हात हलला, पण तो हुकूम होता की खाज, हे यंत्रानं कसं ओळखायचं? दोन जवानांत आधी करार झालेला असतो. तहानभूक, थकवा, धोका दोघांना सारखाच ठाऊक असतो. यंत्राला त्यातलं काही नसतं. मिस्त्रींनी बोटांना रंगीत टोप्या घातल्या त्या याच कारणानं. कॅमेऱ्याला सगळा हात समजत नव्हता, म्हणून चार रंगांचे ठिपके शोधायचे आणि ते कसे सरकतात ते पाहायचं. उपाय चतुर होता. पण शेजारी कुणी लाल शर्ट घालून उभं राहिलं की ठिपका शोधणं अवघड. व्यासपीठावरचा प्रकाश, मागचा पडदा, कपडे सगळं ठरलेलं असतं. रस्त्यावर काहीच ठरलेलं नसतं.

उजेड, खांदा आणि समोरचा माणूस

सिक्स्थसेन्सच्या वाटेत तीन अडचणी होत्या. त्या वेगळ्या काढून पाहू.

पहिली उजेडाची, आणि ही साध्या हिशोबात बसते. त्या काळच्या खिशातल्या प्रोजेक्टरचा प्रकाश साधारण १० ते १५ लुमेन. आपण १२ धरू. तो एका ए-फोर कागदाएवढ्या जागेवर पसरला तर दर चौरस मीटरला २०० लुमेन, म्हणजे २०० लक्स पडतो. ट्यूबलाइटच्या खोलीतला उजेडही साधारण तेवढाच किंवा थोडा जास्त असतो, त्यामुळे चित्र फिकट का होईना दिसतं. आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात मात्र जमिनीवर सुमारे एक लाख लक्स पडतात. पाचशेपट. त्या उन्हात तळहातावरचं चित्र शोधणं म्हणजे भरदुपारी काजवा शोधणं. अंधाऱ्या सभागृहात हा हिशोब दिसत नाही.

दुसरी अडचण खांद्याची. हात छातीच्या उंचीवर, काही न टेकता, पुढे धरून दोन मिनिटं उभं राहून पाहा. जवानांना रायफल पुढे धरून उभं करतात ती शिक्षा का असते ते कळेल. संगणकवाल्यांनी या दुखण्याला गोरिला आर्म असं नाव दिलंय. २००२च्या मायनॉरिटी रिपोर्ट चित्रपटात नायक हवेत हात फिरवून चित्रं सरकवतो. त्या दृश्यामागचं तंत्र एमआयटीचेच जॉन अंडरकॉफलर यांनी सुचवलं होतं. ते पाहून एका पिढीला हेच भविष्य वाटलं. पण चित्रपटात प्रसंग मिनिटांत संपतो, कचेरीत काम आठ तास असतं.

तिसरी अडचण समोरच्या माणसाची. छातीवर कॅमेरा लावून मी फिरतो तेव्हा मला सोय होते, पण माझ्यापुढे येणारा प्रत्येक जण न विचारता टिपला जातो. त्याच्या शर्टावर त्याची माहिती उमटते. व्यासपीठावर लोक हसले. स्वतःच्या शर्टावर ते उमटलं असतं तर? २०१३ मध्ये गूगलनं कॅमेऱ्याचा चष्मा, गूगल ग्लास, १५०० डॉलरला निवडक लोकांना दिला, तेव्हा उपाहारगृहांतून तो घालणाऱ्यांना बाहेर काढण्यापर्यंत वेळ गेली. जानेवारी २०१५ मध्ये सामान्यांसाठी विक्री थांबली. कारखान्यांसाठीची आवृत्ती २०२३ पर्यंत चालली.

नंतरचे प्रयत्न

मिस्त्रींनंतर लोक थांबले नाहीत. नोव्हेंबर २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टचं कायनेक्ट आलं. बोटांना टोप्या नकोत, खोलीची खोली मोजणारा कॅमेरा अख्खं शरीर ओळखायचा. पहिल्या साठ दिवसांत ऐंशी लाख विकली गेली. २०१७ मध्ये उत्पादन बंद. २०११ मध्ये ख्रिस हॅरिसन आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी खांद्यावर बसणारा कॅमेरा-प्रोजेक्टर दाखवला, ऑम्निटच. तंत्र सिक्स्थसेन्सच्या पुढचं होतं. दुकानात तेही आलं नाही.

ऑक्टोबर २०१९ मध्ये गूगलनं पिक्सेल ४ फोनमध्ये हाताची हालचाल ओळखणारं छोटं रडार बसवलं. ते ६० गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालायचं. तो पट्टा भारतात अशा वापरासाठी खुला नव्हता, म्हणून गूगलनं तो फोन भारतात विकलाच नाही. इथं तार तुटली ती परवान्याची होती. पुढच्या वर्षीच्या फोनमधून रडार काढून टाकलं.

मग सैन्य. अमेरिकेच्या लष्करानं २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्सवर आधारित सैनिकी चष्म्यासाठी ४८ कोटी डॉलरचा करार केला. मार्च २०२१ मध्ये दहा वर्षांत २१.८८ अब्ज डॉलरपर्यंत जाऊ शकेल असा मोठा करार झाला. चाचण्यांत जवानांनी डोकेदुखी, मळमळ, डोळ्यांवर ताण अशा तक्रारी केल्या. पडद्याची चमक अंधारात लांबून दिसते, हीही तक्रार होती. ज्यानं सीमेवर रात्र काढली आहे त्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. काडी पेटवली तरी ओरडा खावा लागतो. २०२५च्या सुरुवातीला ते काम अँडुरिल या कंपनीकडे सोपवण्यात आलं.

आणि शेवटी ह्युमेन. ॲपलमधून बाहेर पडलेल्या इमरान चौधरी आणि बेथनी बोनजोर्नो यांची ही कंपनी. छातीवर लावायची पिन, त्यातून तळहातावर हिरव्या लेझरनं अक्षरं, हात तिरपा करून आणि बोटांची चिमूट करून निवड. चौधरींनी ती एप्रिल २०२३ मध्ये टेडच्याच व्यासपीठावर दाखवली. छाती, तळहात, टेड! २००९ची आठवण कुणालाही यावी. एप्रिल २०२४ मध्ये ६९९ डॉलरला विक्री सुरू झाली, वर दरमहा २४ डॉलर. उन्हात अक्षरं दिसेनात ही तक्रार पहिल्याच परीक्षणांत होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये एचपीनं कंपनीची मालमत्ता ११ कोटी ६० लाख डॉलरला घेतली आणि २८ फेब्रुवारीला त्या पिना बंद पडल्या. पंधरा वर्षांत लेझर आला, कृत्रिम बुद्धिमत्ता आली, अफाट पैसा आला. ऊन मात्र तेवढंच राहिलं.

जे टिकलं ते का टिकलं

म्हणजे ही कल्पनाच खोटी का? नाही. सदरलँडच्या त्या वाटेवरची एक शाखा टिकली, ती वैमानिकांच्या हेल्मेटमध्ये. आपल्या हवाई दलात १९८७ मध्ये मिग-२९ आलं. त्याच्या वैमानिकाला डोकं वळवून, नजरेनं लक्ष्य दाखवून क्षेपणास्त्राला दिशा देता येते. अपाची हेलिकॉप्टरमध्ये वैमानिकाच्या उजव्या डोळ्यासमोर छोटी काच असते आणि तोफ त्याच्या डोक्याबरोबर वळते. अपाची आपल्या हवाई दलात २०१९ मध्ये आणि थलसेनेत २०२५ मध्ये आलं.

हे का चाललं? काम एकच, नेमकं. माणूस महिनोन्‌महिने शिकवलेला. तो बसलेला, हात विमानाच्या दांड्यावर, म्हणून हुकूम डोक्यानं द्यायचा. काच डोळ्याच्या अगदी पुढे, त्यामुळे भिंत किंवा तळहात लागत नाही. आणि हे सगळं हजारो तासांच्या उड्डाणांत तपासून, सुधारून, पुन्हा तपासून झालेलं. सप्टेंबर २०२५ मध्ये मेटा कंपनीनं चष्म्याबरोबर मनगटपट्टा काढला. तो मनगटातल्या स्नायूंचे विद्युत संकेत वाचतो, त्यामुळे हात मांडीवर टेकवूनही बोटं नुसती हलवली तरी चालतं. खांद्याची अडचण त्यांना समजली आहे. उजेडाचीही, म्हणून चित्र भिंतीवर पाडायचा नाद सोडून काचेत आणलं. समोरच्या माणसाची अडचण अजून उभी आहे, कारण त्या चष्म्यात कॅमेरा आहेच.

मिस्त्री स्वतः २०१२ मध्ये सॅमसंगमध्ये गेले आणि पुढच्याच वर्षी गॅलक्सी गिअर हे घड्याळ जगासमोर मांडलं. मनगटावर बोटानं काढलेल्या घड्याळापासून खऱ्या घड्याळापर्यंत चार वर्षं. पुढे त्यांनी स्वतःची कंपनी काढली. त्यांचं आयुष्य थांबलं नाही, हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे यंत्र बाजारात आलं नाही की माणसालाच नापास ठरवतात.

आपण काय केलं

आता प्रश्न आपल्याकडे येतो. मिस्त्रींनी सिक्स्थसेन्सचं सॉफ्टवेअर खुलं करण्याचं सांगितलं होतं आणि नंतर ते खुलं झालंही. सामान सोळा-सतरा हजारांचं. देशात हजारो अभियांत्रिकी महाविद्यालयं. उन्हाचा, धुळीचा, गर्दीचा, घामाचा असा अभ्यास करायला आपल्यापेक्षा चांगली जागा जगात कुठली? आपल्या लष्करात कुठलंही सामान घेण्याआधी ते मैदानी भागात, वाळवंटात आणि उंच पहाडांत तपासतात. पुस्तिकेत लिहिलेलं आणि पोखरणच्या वाळूत चाललेलं, यातलं अंतर कळावं म्हणून. हेच या यंत्रासाठी नागरी पातळीवर करता आलं असतं. आपण त्याऐवजी सेमिनार केले. तेच फोटो, तीच वाक्यं, वर्षामागून वर्षं.

निवृत्तीनंतर एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मला प्रकल्पांचा परीक्षक म्हणून बोलावत असत. सिक्स्थसेन्सची नक्कल दरवर्षी एखादी तरी असायची. पडदे ओढून, दिवे मालवून दाखवायचे. मी एवढंच म्हणायचो, "बेटा, जरा खिडकी उघड." बहुतेकांचे चेहरे पडायचे. एका वर्षी एका मुलीनं खिडकी स्वतःच उघडली. तिचंही यंत्र उजेडात चाललं नाही. पण तिनं एक वही पुढे केली. सकाळी अकरा, खिडकीजवळ, दहा प्रयत्नांत दोन यशस्वी. संध्याकाळी सहा, व्हरांडा, दहात सात. मैत्रिणीच्या हातावर मेंदी होती तेव्हा लाल ठिपका चुकला. अशी चाळीसेक पानं. बाकीच्या परीक्षकांना चालणारं यंत्र हवं होतं. मी त्यांना सांगितलं की या खोलीतलं सगळ्यात मोलाचं सामान ही वही आहे. पलटणीत चाचणीचा अहवाल असाच लिहितात. काय बिघडलं, कधी, कुणाच्या हातात, कुठल्या हवेत. शेवटी तिला चांगले गुण मिळाले, पण त्यासाठी अर्धा तास वाद घालावा लागला. तो अर्धा तास मला आजही महत्त्वाचा वाटतो, कारण प्रश्न गुणांचा नव्हता. अपयशाची नीट नोंद ठेवणाऱ्याला आपण शाबासकी देणार की नाही, हा होता.

थॉर्प आणि शॅननची तुटणारी तार आपल्याला आज माहीत आहे, कारण ती तुटते हे त्यांनी लिहून ठेवलं. एंगलबार्टचा माउस घराघरात पोचायला पंधरा-वीस वर्षं लागली. त्या मधल्या वर्षांत कितीतरी अनामिक लोकांनी त्याचे चेंडू, रूळ, तारा, किमती यांवर घाम गाळला. तेच रूळ पुढे एका पालनपूरच्या मुलानं फोडून पाहिले. शोध असे हातातून हातात जातात. टाळ्या एका दिवसाच्या असतात, मधली वर्षं कुणीतरी निभवावी लागतात.

तेव्हा इंदूरच्या आपल्या श्रोत्यांना उत्तर असं: त्या यंत्राला कुणी मारलं नाही. ते ऊन, खांदा आणि समोरच्या माणसाचा संकोच यांच्यापाशी अडलं. त्या तिन्हींवर काम करणारे लोक दुसऱ्या देशांत पुढे सरकत राहिले. आपल्याला अजूनही सरकता येईल, सामान आता आणखी स्वस्त आहे. घरात कुणी असा प्रकल्प करत असेल तर त्याला तीन गोष्टी विचारा: उन्हात चालतं का, तासभर वापरून हात दुखतो का, आणि समोरच्याला चालणार आहे का. उत्तर नाही आलं तरी चालेल. वही आहे का तेवढं बघा.

पुढच्या भागात पुन्हा आपल्या नेहमीच्या वाटेवर येऊ, तोफखान्याकडे. तुमचे प्रश्न पाठवत राहा. जय हिंद.